घर बांधताना सौरऊर्जेचे नियोजन : जिना, टाकी आणि सावलीचा हिशेब

नवी दिल्ली : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात भूखंड घेऊन स्वतःचे घर बांधणारी कुटुंबे सौर पॅनेलचा विचार बहुधा सर्वांत शेवटी करतात. रंगकाम उरकते, गृहप्रवेश होतो, पहिल्या उन्हाळ्याचे वीजबिल हाती पडते आणि मग पॅनेल बसविणाऱ्याला बोलावणे जाते. तो गच्चीवर येऊन पाहतो, तेव्हा दक्षिणेला जिन्याची खोली उभी असते, नैऋत्येला पाण्याच्या टाक्या असतात आणि मधोमध वातानुकूलन यंत्रांचे बाहेरील संच मांडलेले असतात. चार-पाच किलोवॅटची अपेक्षा असलेल्या गच्चीवर जेमतेम दोन किलोवॅट मावतात. ही चूक नंतर पैसे खर्चूनही सहज सुधारता येत नाही, कारण बांधलेला जिना हलविता येत नाही.

दिल्लीतील विजेच्या मागणीने १९ जून २०२४ रोजी ८,६५६ मेगावॅटचा उच्चांक गाठला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने ७५,०२१ कोटी रुपयांची ‘पीएम सूर्य घर : मोफत वीज योजना’ मंजूर केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसविणे हे तिचे उद्दिष्ट असून मार्च २०२५ मध्ये दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला. मात्र या योजनेतील एक अट नव्याने घर बांधणाऱ्यांनी सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी अशी आहे. अनुदानासाठी अर्जदाराच्या नावे घरगुती वीजजोडणी असावी लागते. बांधकामाच्या काळातील तात्पुरत्या जोडणीवर ते काम होत नाही. म्हणजे पॅनेल बसतील ते घर पूर्ण झाल्यानंतरच. परंतु ते कोठे, किती आणि कसे बसतील, हे नकाशा काढतानाच ठरून जाते.

आधी गरज, मग पॅनेल

नियोजनाची सुरुवात पॅनेलच्या संख्येपासून नव्हे, तर घराच्या विजेच्या गरजेपासून व्हायला हवी. सहा पंखे रोज बारा तास चालणाऱ्या घराचे उदाहरण घेऊ. ७५ वॅटचे जुन्या पद्धतीचे पंखे महिन्याला सुमारे १६२ युनिट वीज घेतात. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्यांना त्याच वापरासाठी ६५ युनिट पुरतात. दिल्लीच्या हवामानात एक किलोवॅटची सौर यंत्रणा वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ आणि महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देते. केवळ पंखे बदलल्याने पाऊण किलोवॅटहून अधिक क्षमतेची पॅनेल वाचतात, असा याचा अर्थ.

सर्वांत मोठा वाटा अर्थातच वातानुकूलनाचा. दीड टनाची दोन यंत्रे रोज आठ तास चालली आणि प्रत्येकाचा सरासरी वापर तासाला एक युनिट धरला, तर महिन्याला ४८० युनिट होतात. हा भार कमी करण्याची खरी संधी भिंती आणि छत बांधतानाच मिळते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. भिंती, खिडक्या आणि छतामधून घरात शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालणे हा तिचा गाभा आहे. ही संहिता मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांना समोर ठेवून केलेली असली, तरी तिची तत्त्वे दीडशे गजांच्या घरालाही लागू पडतात. पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवणे, त्यांवर बाहेरून सावली देणे आणि छतावर उष्णतारोधक थर घालणे या गोष्टी बांधकामात कमी खर्चात होतात. नंतर त्याच महाग पडतात.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण दिल्लीतच, जोरबाग भागात आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे ‘इंदिरा पर्यावरण भवन’ फेब्रुवारी २०१४ मध्ये खुले झाले. वर्षभरात लागते तितकी वीज स्वतःच निर्माण करण्याच्या उद्देशाने आखलेल्या या इमारतीवर ९३० किलोवॅटची सौर यंत्रणा आहे. परंतु आराखड्यात आधी मागणी घटविण्यात आली. दिवसाउजेडाचा वापर, थंड पाण्यावर चालणारी शीतन व्यवस्था आणि जमिनीखालील स्थिर तापमानाचा उपयोग यांचा हिशेब झाल्यावर उरलेल्या गरजेपुरते छत सजविले गेले. घर लहान असले, तरी क्रम हाच राहतो.

दिल्लीचा सूर्य आणि हिवाळ्यातील लांब सावली

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या मनातील सूर्याचे गणित दिल्लीत थोडे बदलते. पुणे कर्कवृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला आहे. तेथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, सुमारे २८.६ अंश अक्षांशावर आहे. येथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच राहतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तो क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर चढतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो.

या फरकाचा परिणाम सावलीत दिसतो. दिल्लीत जिन्यावरील खोलीला ‘ममटी’ म्हणतात. तीन मीटर उंचीच्या ममटीची सावली डिसेंबरमध्ये भर दुपारी उत्तरेकडे जवळजवळ पावणेचार मीटर पडते. सकाळी सव्वानऊच्या सुमारास तिची लांबी सात मीटरच्या पुढे जाते. दीडशे गज, म्हणजे सुमारे १२५ चौरस मीटर भूखंडाच्या तीन चतुर्थांश भागावर घर उभे राहिले, तर गच्ची ९० चौरस मीटरच्या आसपास मिळते. त्यावर सात मीटर लांबीची सावली म्हणजे गच्चीचा मोठा तुकडा गमावणेच होय.

पॅनेलवर अर्धवट पडलेली सावलीही महागात पडते. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेली असतात. साखळीतील एका पॅनेलवर सावली आली, तर काही वेळा संपूर्ण साखळीची निर्मिती खाली येते. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर लावून हे नुकसान कमी करता येते. मात्र त्याचा खर्च वाढतो.

म्हणून जिना आणि त्यावरील खोली शक्यतो उत्तरेला घ्यावी, हा सौर नियोजनाचा पहिला नियम ठरतो. जिन्याची जागा पायाच्या आखणीतच ठरत असल्याने हा निर्णय वास्तुविशारदाबरोबरच्या पहिल्या बैठकीतच व्हावा लागतो. दुसरा प्रश्न टाक्यांचा. वास्तुशास्त्राच्या प्रचलित समजुतीनुसार पाण्याची टाकी नैऋत्येला ठेवली जाते. दुपारनंतरचा हिवाळी सूर्यही नैऋत्येलाच असतो आणि टाकीची सावली ईशान्येकडे, म्हणजे नेमकी गच्चीवर पसरते. जे कुटुंब ही प्रथा पाळू इच्छिते, त्याने टाकीची उंची कमी ठेवावी किंवा पॅनेलचा सांगाडा टाकीच्या वर उचलून घ्यावा. मात्र हे ठरवूनच करावे.

सावली शेजारच्या घराचीही असते. दक्षिणेचा भूखंड आज मोकळा असला, तरी उद्या त्यावर चार मजले चढू शकतात. दिल्लीच्या बृहद् आराखड्यात निवासी भूखंडावर स्टिल्टशिवाय १५ मीटर आणि स्टिल्टसह १७.५ मीटर उंचीची तरतूद आहे. गुरुग्राममध्येही स्टिल्टवर चार मजल्यांची घरे उभी राहात आहेत. दोन मजल्यांवर थांबू इच्छिणाऱ्या घरमालकाने सौर हिशेब करताना दक्षिणेचे घर पूर्ण उंचीचे आहे, असे गृहीत धरणे शहाणपणाचे.

स्लॅब पडण्यापूर्वीची कामे

एक किलोवॅटसाठी सावलीमुक्त अशी सुमारे दहा चौरस मीटर जागा धरली जाते. दिल्लीत हिवाळ्यात गच्ची ही घरातील सर्वांत हवीहवीशी खोली असते. कोवळ्या उन्हात बसणे, कपडे वाळविणे, मुलांचे खेळणे तेथेच चालते. म्हणून बहुतेक घरे पॅनेल जमिनीलगत न ठेवता माणूस खालून चालू शकेल इतक्या उंच लोखंडी सांगाड्यावर चढवितात. त्याचे दोन फायदे आहेत. गच्ची मोकळी राहते आणि पॅनेलखालून वारा खेळल्याने ती कमी तापतात. तापमान २५ अंशांच्या वर गेले की सामान्य सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर ही घट १४ टक्क्यांच्या घरात जाते.

उंच सांगाड्याला धोका असतो तो वाऱ्याचा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिल्लीसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर धरला आहे. उन्हाळी वादळात तिरपे पॅनेल शिडासारखे वाऱ्याला अडवते आणि सांगाडा वर उचलला जातो. येथे केवळ पॅनेलच्या वजनाचा विचार पुरत नाही. सांगाड्याचे पाय स्लॅबमधील कॉलम आणि बीमच्या रेषेवर यावेत, त्यांच्यासाठी काँक्रीटचे चौथरे स्लॅबच्या कामाबरोबरच ओतले जावेत आणि त्यांचे बोल्ट आधीच बसविले जावेत, हे संरचना अभियंत्याने आराखड्यात दाखवावे लागते. तयार गच्चीला नंतर छिद्रे पाडली की वॉटरप्रूफिंग फाटते आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या छताला ओल येते.

भिंतींचे प्लास्टर होण्यापूर्वी आणखी चार गोष्टी आवश्यक असतात. गच्चीपासून इन्व्हर्टरपर्यंत आणि तेथून मीटरच्या फलकापर्यंत स्वतंत्र नळी टाकावी. इन्व्हर्टरसाठी सावलीची, हवेशीर आणि झोपण्याच्या खोलीपासून दूर असलेली भिंत ठरवावी. पॅनेलचा सांगाडा, इन्व्हर्टरची बाजू आणि वीजरोधक यांच्यासाठी वेगवेगळ्या अर्थिंगची जागा अंगणात राखून ठेवावी. मीटरच्या फलकावर दुहेरी मोजणी करणारा नेट मीटर आणि निर्मितीचा मीटर या दोन्हींना जागा असावी. पुढे विजेवर चालणारी मोटार घेण्याचा विचार असल्यास तिच्या चार्जरसाठी वाहनतळापर्यंत आणखी एक नळी टाकून ठेवण्याचा खर्च किरकोळ असतो.

या कामांना ऋतूचेही बंधन आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा, म्हणजे ‘ग्रॅप’चा तिसरा टप्पा लागू होतो आणि राजधानी क्षेत्रातील बहुतेक बांधकामे थांबतात. छताचा स्लॅब आणि चौथरे दिवाळीपूर्वी उरकण्याचे वेळापत्रक त्यामुळे सोयीचे ठरते.

ऊन आहे, तरीही अंधार

सौर यंत्रणेविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज वीज खंडित झाल्यावर उघड होतो. ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. वाहिनीवर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही सुरक्षा अनिवार्य आहे. त्यामुळे भर दुपारी छतावर तीन किलोवॅटची पॅनेल तळपत असतानाही घरातील पंखा थांबू शकतो.

पूर्वी यावर डिझेल जनरेटर हा उपाय होता. मात्र प्रदूषण नियंत्रणाच्या निकषांनुसार सुधारणा न केलेल्या जनरेटरच्या वापरावर राजधानी क्षेत्रात १ ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आले आहेत. उरतो तो मार्ग बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरचा. येथेही आधी गरज मोजावी लागते. चार बीएलडीसी पंखे, काही दिवे, फ्रीज आणि इंटरनेटचा राउटर यांचा एकत्रित भार पावणेतीनशे वॅटच्या आसपास भरतो. चार तासांसाठी त्याला सुमारे १.१ युनिट वीज लागते. १५० अँपिअर-तासांच्या एका साध्या ट्यूब्युलर बॅटरीतून साधारण एक युनिट सुरक्षितपणे वापरता येते. म्हणजे अशा दोन बॅटऱ्या किंवा लहान लिथियम फॉस्फेट बॅटरी बहुतेक कुटुंबांना पुरते. संपूर्ण घर वातानुकूलनासह बॅटरीवर चालविण्याचा आग्रह धरला, की खर्च अनेक पटींनी वाढतो.

यासाठी वायरिंग करतानाच घराचे दोन भाग पाडावेत : वीज गेल्यावरही चालू राहणारी उपकरणे आणि थांबली तरी चालतील अशी उपकरणे. दोन्हींचे फलक वेगळे ठेवले, तर बॅटरी पहिल्या दिवशी घेतली नाही तरी पुढे भिंती न फोडता बसविता येते.

अनुदान आणि बिलाचा हिशेब

केंद्राच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार रुपये, असे कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. दिल्ली मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये त्यात किलोवॅटमागे १० हजार, कमाल ३० हजार रुपयांची भर घातली. त्यामुळे तीन किलोवॅटसाठी एकूण मदत १ लाख ८ हजार रुपये होते. उत्तर प्रदेशातही राज्याचा वाटा किलोवॅटमागे १५ हजार, कमाल ३० हजार रुपये आहे. हरियाणात राज्याची मदत कुटुंबाच्या उत्पन्नाशी जोडलेली आहे. घर नोएडात, गुरुग्राममध्ये की दिल्लीत, यावर हिशेब बदलतो. केंद्राचे अनुदान आखताना तीन किलोवॅटचा प्रमाण खर्च १ लाख ४५ हजार रुपये धरलेला आहे. उंच सांगाडा घेतल्यास प्रत्यक्ष खर्च त्याहून वाढतो. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सौर घट दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात. अनुदान सौर क्षमतेवर मोजले जाते; बॅटरीसाठी वेगळी रक्कम मिळत नाही.

दिल्ली सौर धोरण २०२३ नुसार तीन किलोवॅटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेला निर्मितीच्या प्रत्येक युनिटमागे ३ रुपये पाच वर्षे मिळण्याची तरतूद आहे. वर्षाला सुमारे ४,३०० युनिट निर्मिती धरल्यास ही रक्कम १३ हजार रुपयांच्या जवळ जाते.

दिल्लीच्या बिलात आणखी एक पायरी आहे. २०१९ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंतचे बिल अनुदानामुळे शून्य होते आणि २०१ ते ४०० युनिटपर्यंत सवलत मिळते. ४०० च्या वर ती संपते. महिन्याला ३६० युनिट वापरणाऱ्या घराने दोन किलोवॅटची यंत्रणा बसविली, तर सुमारे २४० युनिट वजा होऊन निव्वळ वापर १२० वर येतो. त्यामुळे दिल्लीत प्रत्येक युनिट स्वतः निर्माण करण्यापेक्षा निव्वळ वापर योग्य टप्प्याखाली आणणे अधिक किफायतशीर ठरू शकते. नेट मीटरिंगमध्ये शिल्लक युनिट पुढील बिलात जमा होतात आणि आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचा हिशेब होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वापर कमी आणि ऊन भरपूर असते. मात्र वर्षअखेरही तेव्हाच येते. गरजेहून मोठी यंत्रणा बसविल्याचा तोटा या दोन महिन्यांत दिसतो.

वीज ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने प्रक्रिया सोपी झाली आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट राहिलेली नाही आणि पाच किलोवॅटपर्यंत आवश्यक ते वाहिनीचे बळकटीकरण वितरण कंपनीने स्वखर्चाने करायचे आहे. नव्या घराच्या जोडणीसाठी अर्ज करताना मंजूर भार मात्र विचारपूर्वक लिहावा लागतो. तो फार कमी असेल, तर नियोजित सौर क्षमतेला अडचण येते. उगाच वाढविला, तर दरमहा स्थिर आकार वाढतो.

गच्ची कोणाची?

राजधानी क्षेत्रातील अनेक कुटुंबे भूखंड स्वतःचा ठेवून बांधकाम विकासकाकडून करून घेतात आणि मोबदल्यात त्याला एक-दोन मजले देतात. स्थानिक भाषेत याला ‘कोलॅबोरेशन’ म्हणतात. अशा करारात गच्चीचा हक्क कोणाचा, हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर सौर यंत्रणा घर पूर्ण होताच वादाचे कारण बनते. गच्चीचा किती भाग कोणत्या मजल्याचा, सांगाडा उभारण्याची संमती, टाक्यांची जागा आणि सफाईसाठी ये-जा करण्याचा हक्क या बाबी करारात आणि पुढे विक्रीखतातही याव्यात. भावाभावांत वाटणी झालेल्या घरांनाही हे तितकेच लागू आहे.

धूळ, धुके आणि देखभाल

दिल्लीच्या हवेची किंमत पॅनेलही मोजतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रदूषित धुरक्यामुळे दिल्लीत पॅनेलपर्यंत पोहोचणारे ऊन वर्षाला सुमारे साडेअकरा टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. पॅनेलच्या काचेवर बसणारी धूळ त्याहून वेगळी. महाराष्ट्रात पावसाळ्याचे महिने निर्मितीला फटका देतात. दिल्लीत तो डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याचा असतो, आणि नेमके त्याच सकाळी गिझर चालतात. म्हणून स्नानाच्या पाण्यासाठी गच्चीवर सौर बंबाला वेगळी जागा ठेवणे हिताचे.

सफाई सकाळी लवकर, काच थंड असताना करावी. त्यासाठी गच्चीवर नळ आणि सांगाड्याला सुरक्षित शिडी हवी. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी किंवा शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वापरल्यास काचेवर पांढरे थर जमतात. योजनेतील नोंदणीकृत पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करायची असते. ती अट करारात लेखी घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

पुणे, नाशिक वा नागपूरला घर बांधणाऱ्यांच्या बाबतीत सूर्याचे कोन, ऋतू आणि अनुदानाचे आकडे वेगळे असतील. कामाचा क्रम हाच राहील. आधी विजेची गरज, मग सावली, मग स्लॅब आणि नळ्या, त्यानंतर कायम जोडणी आणि सर्वांत शेवटी पॅनेल. पॅनेल व इन्व्हर्टर पुढे बदलता येतात, बॅटरी केव्हाही घेता येते. जिना, टाकी आणि छताची दिशा मात्र एकदाच ठरते आणि पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते.